अनुसयाबाईंची साखर माझ्या फोनात

वाचनालयाचे सर एकदा आमच्या दवाखान्यात आले होते. दिवाळी अंकात या वेळी कामाच्या बायकांनी आपापल्या कामाविषयी लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तेव्हा जिना पुसत होते. त्यांनी मलाही विचारलं. मी मान हलवली आणि बादली घेऊन आत गेले. कोणी समोर उभं राहून विचारलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मग संध्याकाळी खोलीवर आले की सगळी उत्तरं सुचतात आणि तेव्हा ती ऐकायला कोणी नसतं. म्हणून लिहून बघते आहे. सरांना द्यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

मी शहापूरला एका डॉक्टरबाईंकडे मावशी आहे. डॉक्टरबाई फक्त साखरेचे, म्हणजे डायबेटीसचे पेशंट बघतात. झाडलोट करायची, नंबर लावायचे, पेशंटला वजनकाट्यावर उभं करायचं, हे माझं काम. त्याशिवाय एक काम कोणी नेमून न देता माझ्याकडे आलं. विमा कंपनीने एखाद्या पेशंटचे पैसे नाकारले की त्याच्यावर अपील करतात. ते अपील लिहिते प्रज्ञाताई. ती आमच्या काउंटरवर बसते, वाशिंदहून येते, कॉम्प्युटर चालवते आणि इंग्रजी लिहिते. सही डॉक्टरबाईंची असते. पण अपिलाला बिलं लागतात, पेशंटची सही नाहीतर अंगठा लागतो, कधी नुसतं घरी जाऊन बघून यावं लागतं. तिथे मी जाते. तानशाकडे, किन्हवलीकडे, थेट मुरबाडच्या पलीकडेही. परतीची गाडी चुकली तरी माझं काही अडत नाही, घरी वाट बघणारं कोणी नाही. हे कोणी बोलून दाखवलेलं नाही, पण काम माझ्याकडे आलं ते त्यामुळेच.

शाळा माझी चौथीपर्यंतच झाली. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता. लग्न झालं आणि मोडलं, ते इथे लिहायचं नाही. वाचायची सवय मात्र राहिली. पेशंट बाकावर मासिकं विसरून जातात, ती मी खोलीवर नेते.

आता यंत्राबद्दल सांगते, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसतं. बोट टोचून साखर बघायचं मशीन आता घरोघरी दिसतं. हे तसं नाही. हे शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं असतं आणि दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते. एकदा लावलं की पंधरवडाभर चालतं, मग काढून नवं लावायचं. त्याला सेन्सर म्हणतात. तो दिवसरात्र साखर मोजतो आणि जवळ ठेवलेल्या फोनवर आकडा दाखवतो. साखर फार उतरली तर फोन ओरडतो. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची साखर झोपेत उतरली तर तो झोपेतच बेशुद्ध होतो, म्हणून त्याचं ओरडणं महत्त्वाचं. पण सेन्सर महाग असतो आणि पंधरवड्याने पुन्हा घ्यावा लागतो. बहुतेक विम्यांत तो बसतच नाही. काही कारखान्यांच्या विम्यात बसतो, तोही डॉक्टरने गरज लिहून दिली तर. कंपनी आधी देते आणि मग कधीतरी एक पत्र येतं.

नकाराच्या पत्राने बहुतेक माणसं खचतात. एक निवृत्त गुरुजी मात्र खुलायचे. मुलाच्या विम्यात त्यांचं नाव होतं. बायको गेल्यापासून त्यांच्याशी भांडायला कोणी उरलं नव्हतं, असं ते स्वतःच सांगायचे. पत्र आलं की इस्त्रीचा सदरा घालून दवाखान्यात यायचे. "मावशी, आज नकार आलाय. चहा ठेवा." मग प्रज्ञाताईसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि तिने लिहिलेल्या इंग्रजीत चुका काढायचे. शेवटी त्यांचे पैसे मंजूर झाले. पेढे घेऊन आले, पण तोंड उतरलेलं होतं. जाताना म्हणाले, "आता काय निमित्त काढून यायचं?" त्यानंतर ते तीन महिन्यांनी एकदा, आपल्या नंबराला तेवढे येतात.

तानशाकडची एक मुलगी होती, लग्नाच्या वयाची. तिचा सेन्सर नाकारला तेव्हा प्रज्ञाताईने अपील तयार ठेवलं होतं, फक्त सही हवी होती. मी गेले तर तिची आई मला अंगणातच थांबवून म्हणाली, "हळू बोल गो बाय. इथं कोनाला ठावं नाय तिला काय हाय ते. तुमच्या कागदानं पोरीला सोयरीक यायची नाय." मुलगी दाराआड उभी होती. लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता. सहीशिवाय परत आले. तिचं लग्न झालं असं नंतर कळलं, सासर कुठलं ते कळलं नाही. सासरी तिने सांगितलं असेल का, हा विचार अजून मनात येतो.

मला सांगायचंय ते अनुसयाबाईंचं. त्यांचं गाव मुरबाडच्या पुढे, म्हसा गावाच्या अलीकडे आहे. घर एका कडेला, मागे वालाचं शेत, पुढे अंगणात कोंबड्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा सुनील वाशिंदला कारखान्यात कामाला, तिथेच एका खोलीत बायकोमुलांसह राहतो. त्याच्या कारखान्याच्या विम्यात आईचं नाव आहे.

अनुसयाबाई पुष्कळ वर्षं इन्शुलिन घेतात. साखर उतरली की माणसाला घाम फुटतो, हात कापतात, तो सावध होऊन काहीतरी खातो. पण फार वर्षं झाली की काहींच्या अंगाला ही खूण कळेनाशी होते. त्यांचं तसंच झालं होतं. एका सकाळी शेजारच्या दत्तूला त्या चुलीपाशी पडलेल्या सापडल्या. तेव्हा डॉक्टरबाईंनी सेन्सर लावायला सांगितला. सुनीलने आईला नवा मोबाइल घेऊन दिला, त्यात ते सगळं बसवलं. कंपनीने पैसे दिले. काही महिने बरे गेले आणि मग पत्र आलं.

पत्र इंग्रजीत होतं. प्रज्ञाताईने मराठीत सांगितलं. कंपनीने फोनमधली नोंद मागवून तपासली होती. दुपारपासून संध्याकाळपर्यंतचे आकडे होते, रात्रीचे कुठेच नव्हते. डॉक्टरांनी तर यंत्र रात्रीसाठीच लिहून दिलेलं. म्हणजे पेशंट रात्री यंत्र वापरत नाही, सबब त्याची गरज दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मला ते पत्र उद्धटपणाचं वाटलं नाही. नोंदीत जे दिसत होतं, तेच त्यांनी लिहिलं होतं.

सुनील रजा टाकून आला. काउंटरला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आई कधी काढत नाय ते. मी शप्पत घेऊन सांगतो. आता मला एवढं झेपनार नाय, मॅडम. बंद झालं तर मी आईला खोलीवर आनतो. एकटी नाय ठेवत."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही एक रात्र राहून या. रात्री त्या नक्की काय करतात ते बघा."

मी शहापूरहून मुरबाडची गाडी धरली, तिथून पुढे टमटम. पोहोचले तेव्हा ऊन कलत होतं. अनुसयाबाई अंगणात सुपात वाल घेऊन बसल्या होत्या.

"कोन गो तू?"

"दवाखान्यातली."

"सुई टोचाया आलीस?"

"नाही. बघायला आले."

"मंग बस. सुईवाली असतीस तर दार लावून घेतलं असतं."

मी बसले. वाल निवडू लागले. काम हातात असलं की मला बोलता येतं. त्यांना सगळं ठाऊक होतं, सुनीलने फोनवर सांगितलं होतं.

"त्याच्या खोलीत मी पाय लांब केला तर दार लागत नाय," त्या म्हणाल्या. "सून चांगली हाय, तिला नाव नाय ठेवनार. पन तिथं मी दिसभर करू काय? खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. इथं निदान कोंबड्या वळखतात."

मग म्हणाल्या, "तुमच्या त्या बटनानं मला हितं ठेवलंय. तेवढं राहू दे म्हनावं."

रात्री तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं. दंडावरचा सेन्सर त्यांनी मला दंड वळवून वळवून दाखवला. घट्ट बसलेला होता. जेवण झालं, सुनीलचा फोन येऊन गेला, मग त्या झोपायच्या तयारीला लागल्या. कोंबड्या टोपल्याखाली डालल्या. मागच्या दाराला कडी नव्हती, तिथे पाटा लावला. फोन एका जुन्या धडप्यात गुंडाळला आणि कोपऱ्यातली ट्रंक उघडली. त्यात वर एक कोरी साडी होती.

"ही मेल्यावरची," त्यांनी साडीवर हात फिरवून सांगितलं. "आनि हा सुनीलचा फोन. दोन्ही चांगली राहाया पायजेत." ट्रंकेला कुलूप लावून किल्ली त्यांनी कमरेच्या चंचीत टाकली. पानतंबाखूची ही कापडी पिशवी त्यांच्या कमरेला दिवसरात्र असे.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. महागाची वस्तू रात्री कुलपात जाते. आमच्याही घरी असंच होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन मी सांगितलं की सेन्सर दंडावरच असतो, रात्री काढत नाहीत, मी स्वतः बघितलं. प्रज्ञाताईने ते लिहून घेतलं. पण आकडे का नाहीत, ते कोणालाच उमगेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, सेन्सरच खराब निघत असतील. दुपारी मी कपबश्या धूत होते आणि प्रज्ञाताई डबा खात होती. मी आपली सांगत होते, की बाई फार टापटिपीची, एकटी असून भांडं इकडचं तिकडे नाही, मुलाने दिलेला फोनसुद्धा धडप्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवते.

प्रज्ञाताईचा घास हातात राहिला. "कुठं ठेवते?"

"ट्रंकेत."

"पत्र्याच्या?"

"लाकडाची कुठं असते ट्रंक?"

ती तशीच उठून डॉक्टरबाईंकडे गेली. मग दोघींनी मला समजावून सांगितलं. सेन्सरमधून आकडा हवेतून फोनकडे जातो. पत्र्याच्या पेटीत फोन कुलूपबंद असला की तो तिथे पोहोचत नाही. सेन्सर काही तासांचे आकडे स्वतःजवळ धरून ठेवतो, त्याआधीचे पुसले जातात. अनुसयाबाईंचा फोन दिवसाही ट्रंकेतच असायचा, त्या तो काढायच्या संध्याकाळी, सुनीलच्या फोनाच्या वेळेला. तेव्हा दुपारपासूनचे आकडे फोनात यायचे. रात्रीचे तोवर गेलेले असायचे. आणि साखर उतरल्यावर जो ओरडायचा, तोच रात्रभर कुलपात.

डॉक्टरबाई हसल्या आणि मग अनुसयाबाईंचा कागद पुन्हा उघडून बघितला. "फोन उशाशी ठेवा, असं त्यांना कोणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या.

सांगायला पुन्हा मीच गेले.

"उशाशी?" अनुसयाबाई म्हणाल्या. "आनि चोरानं नेला तर?"

"तर सुनील दुसरा घेईल."

"आनि मला नेलं तर दुसरी आनील का?"

त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. मग जुन्या साडीचा काठ फाडून चंचीला आणखी एक कप्पा शिवला. फोन कमरेला आला. कमरेची चंची कोण चोरणार, असं त्यांचं म्हणणं. ट्रंकेत ती कोरी साडी एकटी राहिली.

पण आता दुसरा प्रश्न आला. फोन कमरेला ओरडला तरी, साखर फार उतरलेल्या माणसाला त्याने जाग येईलच असं नसतं. म्हणून तो इशारा दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर जायला हवा. सुनीलची बहुतेक रात्रपाळी, आणि कारखान्यात आत जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो. सुनेकडे साधा बटणांचा फोन. दत्तू शेजारी, पण त्याचाही तसाच. प्रज्ञाताईचं मूल तान्हं, ती रात्री फोन बंद ठेवते. सुनील काउंटरपाशी मान खाली घालून उभा होता.

मी म्हटलं, "माझ्याकडे येऊ दे."

इतकं हळू म्हटलं की प्रज्ञाताईने पुन्हा विचारलं, "काय, मावशी?"

पेशंटना फोन लावायला म्हणून डॉक्टरबाईंनी मला एक फोन दिलेला आहे. त्याचा आवाज मी नेहमी बारीक ठेवायची. मला फोन येत नाहीत, आणि चुकून चारचौघांत वाजला तर मेल्यासारखं होतं. प्रज्ञाताईने त्यात अनुसयाबाईंचं नाव घातलं आणि आवाज पुरा मोठा केला. "आता हा कमी करायचा नाही हं."

त्या दिवसापासून अनुसयाबाईंची साखर माझ्या फोनात दिसायला लागली. एक चौकोन, त्यात आकडा, शेजारी बाण. बाण वर असला की साखर चढते आहे, खाली असला की उतरते आहे.

रात्री फोन ओरडला की मी उठून त्यांना फोन लावायची. कमरेला वाजायचा. पुष्कळ वेळाने आवाज यायचा, "आयकलं, आयकलं. गूळ खाते." कधी चिडायच्या. "तुला झोपा नायत काय गो?" एकदा मात्र त्यांनी उचललाच नाही. मी लावत राहिले. मग दत्तूला लावला. तो धावत गेला, साखरेचं पाणी पाजलं. सकाळी त्यांचाच फोन आला.

"रातच्याला दत्तू आला नि तोंडात साखर कोंबली. तूच धाडलास ना?"

"हो."

"त्याचे हात म्हशीच्या वासाचे होते," त्या म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता, "बरं केलंस."

हळूहळू मला त्यांचा दिवस कळायला लागला. सकाळी आकडा चढला की चहाबरोबर बटर खाल्लेत. दुपारी बाण खाली लागला की गवताला गेल्यात. पौषात म्हशाच्या जत्रेच्या दिवशी आकडा एकदम वर गेला. मी खोलीत एकटीच हसले. फोन लावला तर मागे भोंगे वाजत होते. "जरासा खाजा खाल्ला," त्या ओरडून म्हणाल्या, "तुला दिसला काय?" पुढच्या वर्षी जत्रेला ये म्हणाल्या.

मी रोज संध्याकाळी फोन लावायला लागले. इशारा नसला तरी. बोलणं फार नसायचं. जेवलात का, काय केलं होतं, कोंबडी खुडूक बसली का. खोलीवर आल्यावर मी आधी चहा ठेवायची, आता आधी आकडा बघायची. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुजी साखर कोन बघतो?"

"मला साखर नाही."

"मंग दुसरं काय तरी असंलच की," त्या म्हणाल्या. त्याचं उत्तर मला नंतरच सुचलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इकडे अपील चालू होतं, तोवर सेन्सर सुनील उसनवारी करून आणत होता. रात्रीच्या आकड्यांची नवी नोंद आणि ट्रंकेची हकीकत, दोन्ही प्रज्ञाताईने कंपनीला लिहून पाठवलं. कंपनीचं उत्तर आलं की निर्णय जुन्या नोंदीवर झालेला आहे, तो बदलत नाही. अशा वेळी विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही. पुष्कळांना हे माहीतच नसतं आणि ते कंपनीच्या दुसऱ्या पत्रावर थांबतात. आमच्या कामात मी शिकले ते एवढंच, की दुसऱ्या नकारावर थांबू नये.

सुनावणी कॉम्प्युटरवर होती. त्या दिवशी दवाखान्याच्या आतल्या खोलीत डॉक्टरबाई, प्रज्ञाताई, सुनील आणि अनुसयाबाई बसले. अनुसयाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, चंची कमरेलाच होती. मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पडद्यावर चष्म्यातले एक वयस्कर साहेब, तेच लोकपाल, आणि कंपनीची एक तरुण बाई. दोघंही नीट बोलत होते.

साहेबांनी ट्रंकेचं सगळं ऐकून घेतलं. अनुसयाबाईंना विचारलं, "आजी, फोन पेटीत का ठेवत होता?"

"म्हागाचा हाय म्हनून."

साहेबांनी मान हलवली. "आमच्या आईचंही असंच आहे," ते म्हणाले.

मग कंपनीची बाई म्हणाली, "रात्री इशारा वाजला तरी आजी एकट्याच राहतात. झोपेत बेशुद्ध झाल्या तर तो ऐकणार कोण? कोणी ऐकणारच नसेल तर यंत्र उपयोगाचं आहे, असं कसं म्हणायचं? ते आम्हाला कागदात कुठे दिसत नाही."

प्रश्न बरोबर होता. प्रज्ञाताईने अपिलात सगळं लिहिलं होतं, इशारा कोण ऐकतं तेवढंच राहिलं होतं. सुनील म्हणाला, मी रात्रपाळीला असतो. अनुसयाबाईंनी पडद्याकडे बघत सांगितलं, "घरात कोन नाय." आता यांना वाशिंदच्या त्या खिडकीपाशीच जाऊन बसावं लागणार, असं मला वाटलं.

मी ट्रे खाली ठेवला. "माझ्याकडे येतो," मी म्हटलं.

साहेब पुढे झुकले. "कोण बोललं? समोर या."

डॉक्टरबाईंनी मला हाताला धरून खुर्चीजवळ ओढलं. पडद्याच्या कोपऱ्यात माझं तोंड दिसलं. मी खाली बघितलं.

"आपण कोण?"

"मी इथं मावशी आहे. झाडलोट करते."

"इशारा आपल्या फोनवर येतो?"

"हो."

"आणि मग आपण काय करता?"

"फोन लावते. उचलला नाही तर शेजारी लावते." फोन खिशात होता, तो काढून मी पडद्यासमोर धरला. चौकोनात आकडा होता, बाण आडवा.

"या आजी आपल्या कोण लागतात?"

मला खोटं सांगता आलं नसतं. "कोणी नाही," मी म्हटलं.

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. कंपनीच्या बाईने आणखी काही विचारलं नाही. अनुसयाबाईंनी चंचीतून पान काढून माझ्या हातात ठेवलं. मी पान खात नाही, तरी खाल्लं.

निकाल काही दिवसांनी आला. थांबवलेले पैसे द्यावेत, आणि डॉक्टर गरज लिहून देत आहेत आणि विमा चालू आहे तोवर सेन्सर द्यावा. प्रज्ञाताईने वाचून दाखवला तेव्हा मी दवाखान्याच्या काचा पुसत होते. सुनीलने पेढे आणले. अनुसयाबाई आपल्या घरातच राहिल्या. वालाचं शेत, कोंबड्या, अंगण, सगळं आहे तिथेच.

पावसाळा सुरू व्हायच्या सुमारास सुनीलची बदली कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली. कायमची दिवसपाळी, रात्री घरी, फोन जवळ. तो दवाखान्यात आला आणि म्हणाला, "मावशी, तुमी लई केलंत. आता माज्याकडं घेतो." बरोबरच होतं. आईची साखर मुलाकडेच असावी. प्रज्ञाताईने माझा फोन घेऊन काहीतरी दाबलं. "झालं. आता तुमची झोप मोकळी."

चौकोन तिथेच राहिला, फक्त आकड्याच्या जागी एक आडवी रेघ आली. "हेही काढून टाकू?" तिने विचारलं.

"राहू दे. जागा अडत नाही."

आमच्या कामात असंच असतं. नकार आला की माणूस रोज येतो, आपलं सगळं सांगतो, घरी बोलावून जेवायला वाढतो. काम झालं की येत नाही. येत नाही हीच काम झाल्याची खूण. गुरुजींचं तसंच झालं, पुष्कळांचं झालं, आणि मला त्याचं बरंच वाटायला हवं. वाटतंही.

मागच्या महिन्यात अनुसयाबाई तपासणीला आल्या होत्या. गर्दी होती. मी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. त्यांनी माझा हात सोडला नाही.

"आता फोन नाय करीत तू."

"आता सुनील करतो ना."

"करतो की. रोज करतो. आकडा सांगतो नि ठेवतो." काट्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तू जेवलीस काय इचारायचीस."

मी वजन लिहून घेतलं. आतून त्यांचा नंबर पुकारला.

त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे. लावला तर त्या उचलतील. पण मला फोन लावायला कारण लागतं, आणि माझ्याकडचं कारण सुनीलकडे गेलं. संध्याकाळी खोलीवर आले की मी आधी तो चौकोन बघते, मग चहा ठेवते. फोन आता फक्त कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचे येतात, आणि ते अख्ख्या चाळीला ऐकू जातात. शेजारीण परवा म्हणाली, "मावशी, जरा आवाज कमी करा की त्याचा."

हो म्हटलं. अजून केलेला नाही.